ओढलं की वर

धामणकर नाक्यावर हितेशच्या व्हिडिओ पार्लरमध्ये विमानाची जुनी मशीन होती. विमान वरून दिसायचं, चपट्या झुरळासारखं. दांडी पुढे ढकलली की विमान पुढे. गोळ्या चुकवा, गोळ्या घाला, विषय संपला. लाइट गेली की मशीन स्कोअर विसरायची, म्हणून हितेश तो खडूने भिंतीवर लिहायचा. तीन वर्षं तिथे वरती एकच नाव: दामू. म्हणजे मी. बारा तास लूमसमोर उभं राहणाऱ्याला भिवंडीत दुसरीकडे कुठेच पहिला नंबर मिळत नाही.

२००४ साली हितेशने नवी मशीन आणली. आत बसायची. विमान मागून दिसतं, वर ढग, खाली समुद्र.

"जुनी भंगारात," तो म्हणाला. "रविवारी नवीवर पहिला टप्पा पार कर, तर ठेवतो."

मी दांडी पुढे ढकलली. विमान थेट समुद्रात. पाच वेळा. दांडी उलटी, ओढली की वर! म्हणे खऱ्या विमानाची अशीच असते. अरे, तुझ्याकडे पायलट येतात की लूमवाले?

"दामूशेठ, मासळी किती घावली?" आमचा लूम फिटर पंढरी दारातून ओरडला.

घरी थोरल्या बहिणीला, आक्काला, सांगितलं. ती हसली. "येड्या, विहिरीतला पोहरा वर कसा येतो? ओढला की. सोडला की बुडतो. यात उलटं काय हाय?"

चार दिवस लूमवरून सुटलो की मी भिवंडीलगतच्या आमच्या गावच्या विहिरीवर पाणी ओढलं. बाया आक्काला विचारायला लागल्या, दामूचं लगीन ठरलं काय?

रविवारी पार्लर खच्चून भरलं. मी बसलो, पोहरा आठवला, दांडी ओढली. समुद्रात. आणखी जोरात ओढली. आणखी जोरात समुद्रात.

"ऊठ. भंगारवाल्याचा टेम्पो उभा आहे," हितेश म्हणाला. "बघ, असं उडवतात." त्याने ऐटीत दांडी ओढली. समुद्रात. तीनदा. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"सडका माल दिला साल्याने!" हितेश लालबुंद झाला. नवी मशीन त्याच टेम्पोत चढवून ती विकणाऱ्याकडे परत न्यायला निघाला.

पंढरी माझ्या कानाशी आला. "काल हा जेवायला गेला तवा मी आतल्या दोन वायरी फिरवल्या. तुझ्यासाठी. दांडी सरळ केली, ढकलली की वर."

"मग सांगायचं न्हाय?"

"तू घावतोस कुठं? विहिरीवर!"

टेम्पो अजून सुरू झाला नव्हता. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. नाही मारली.

जुन्या मशीनमध्ये नाणं टाकलं, दांडी पुढे ढकलली. विमान पुढे गेलं.