ढाळावरची भिंत

"चाचा, मुलीनं ठोकलेली भिंत उभी राहते का हो?"

हा प्रश्न विचारायची पैज श्रेया आणि आरफानं माझ्याशी लावली होती. आरफाचे अब्बा, दस्तगीरचाचा, ओतूरला सुतारकाम करतात. त्यांच्यासमोर मी आजवर "आरफा आहे का?" याच्यापुढे काही बोलले नव्हते. पण विचारलं बाई एकदाचं! दोघी दुकानाबाहेर तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या.

चाचांनी रंधा थांबवला. "भिंतीला काय कळतंय कुणी ठोकली ते? कुठं पायजे तुला भिंत?"

मग मी भडाभडा सगळं सांगितलं. जूनपासून माझी दहावी. आमचा हॉल म्हणजे एसटी स्टँड. टीव्ही, पावणे, आजीच्या मैत्रिणी आणि कांद्याच्या भावावरून पप्पांची फोनवर आरडाओरड. म्हणून घरात ठरलं होतं की मी वर्षभर शिनोलीला मामाकडं राहायचं. तिथं शांत असतं म्हणे. असू दे! तिथं या दोघी नाहीत. हॉलमध्ये पार्टिशन घालून मला खोली करा म्हटलं, तर पप्पा म्हणाले, "सुतार कुठं मोकळा हाय? तू कर उभी. राहिली तर राहा हितंच." ते चेष्टेनं म्हणाले होते. मी तसं घेतलं नाही.

"मी घाटघरच्या कामात अडकलोय," चाचा म्हणाले. "वरची पट्टी स्लॅबला ठोकून देतो, लाकूड देतो. बाकीचं तुमी तिघी बघा. चौकट उभी झाली की प्लायला येतो मी."

आरफाचं हसणंच थांबलं. "तिघी म्हणजे मी पण?"

चाचांनी स्लॅबला लांब आडवी पट्टी पक्की केली आणि तशीच एक खाली फरशीवर ठेवून ते गेले. आता या दोघींच्या मध्ये उभ्या पट्ट्या बसवायच्या, बस्स. मी मागच्या भिंतीपाशी टेप लावला, माप घेतलं आणि सगळ्या पट्ट्या त्याच मापानं कापून टाकल्या. करवत अशी काही हाताला लागली होती की थांबवतच नव्हतं!

पहिली पट्टी मागच्या भिंतीशी घट्ट बसली. दुसरी जरा हलली. पुढची त्याहून जास्त. आणि दर्शनी दाराजवळची धाडकन श्रेयाच्या अंगावर आली. पट्टीच्या डोक्यावर बोट जाईल एवढी फट.

"झालं!" पप्पा सोफ्यावरून म्हणाले. "मामाला फोन लावू का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाकूड तर सगळं कापून बसले होते.

"अगं, फरशीला ढाळ हाय दाराकडं," कॉटवरून आजी म्हणाली. "मीच द्यायला लावला व्हता. कांद्याची माती धुवायला पाणी टाकलं की आपोआप भाईर गेलं पायजे."

"आजी! मग आधी सांगायचं ना!"

"तू इचारलंस व्हय?"

मी खाली बसले आणि आमचा हॉल जणू पहिल्यांदाच पाहिला. आजीची कॉट, कपाट, टीव्हीचं टेबल. सगळ्यांच्या दाराकडच्या पायांखाली लाकडाचे तुकडे! जन्मभर माझा झाडू त्यांना अडकत आलाय आणि ते तिथं का आहेत, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कपाटाला जमतं तर भिंतीला का नाही?

"आरफा, खालची पट्टी उचल. तिच्याखाली पाचरी घालू."

श्रेया पाचरी देत होती, मी हातोडीनं हळूहळू आत सरकवत होते, आरफा लेव्हलपट्टीतल्या बुडबुड्याकडं डोळे लावून पालथी पडली होती. "अजून... अजून... बास बास बास!" बुडबुडा मधोमध थांबला. मी दाराजवळची पट्टी पुन्हा उभी केली. बसली. घट्ट! मग एकेक करत सगळ्याच बसल्या. ओळंबा सोडला, तर दोरी प्रत्येक पट्टीशी अशी समांतर, की श्वाससुद्धा जपून घ्यावा. अख्खं घर उतरतं आणि माझी भिंत सरळ!

संध्याकाळी चाचांनी येऊन खालची पट्टी फरशीला आवळली, चौकटीला खांदा लावून ढकलून पाहिलं आणि चहा मागितला.

अजून प्लाय नव्हता, काही नव्हतं. नुसती लाकडं आणि मध्ये हवा. त्यातून टीव्ही दिसत होता, रस्तासुद्धा दिसत होता. तेवढ्यात आजी कॉटवरून उठली. तिची पाण्याची कळशी चौकटीच्या पलीकडं होती. दोन पट्ट्यांमधून सहज जाता आलं असतं. पण ती भिंतीच्या कडेनं चालत गेली, दारासाठी सोडलेल्या जागेतून आत वळली, पाणी प्यायली आणि त्याच वाटेनं परत आली.

 काल तिथं काहीच नव्हतं! मग आई चहाचे कप घेऊन आली, तीही दारातूनच वळली. पप्पांनी पट्ट्यांमधून पाय टाकायला उचलला, आजीकडं पाहिलं आणि गुपचूप वळसा घेतला.

मी माझ्या खोलीत उभी राहिले. दोन पट्ट्यांच्या मधून हॉलमध्ये परतलेले आई-पप्पा दिसत होते, पण मी दारात आले आणि तिथून बोलले.

"मी शिनोलीला जाणार नाही. इथंच राहणार. आणि या दाराला कडी लागेल ती आतून."