फर्लांगभर उजेड

बॅटरी चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं त्यात तिचा काही दोष नव्हता. पाच सेलची, हातभर लांब, पुढचं तोंड फिरवलं की उजेड आवळून सरळ लांब जायचा. मिरजगावच्या एका ट्रकवर मी चार वर्षं क्लीनर होतो. बहात्तरला पाऊस पडलाच नाही, माल थांबला, मालकानं ट्रक विकला आणि निरोप देताना ही बॅटरी माझ्या हातात ठेवली. ती घेऊन मी गावी आलो. गावात तेव्हा दगड फोडण्याशिवाय दुसरं काम नव्हतं.

पाझर तलावाचं काम निघालं होतं. सगळं गाव तिथंच. मी माती वाहायचो आणि माझी बायको मनकर्णा खडी फोडायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती, त्यातली बहुतेक मी रस्त्यावर काढलेली. म्हणजे आम्हा दोघांची खरी ओळख व्हायला दुष्काळ पडावा लागला. तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा फोड आले. रात्री भाकरी थापताना ती फोड चुकवायला हात पुढं-मागं करायची, पण तोंडातून चकार शब्द काढायची नाही. मग एक दिवस खडीची कपची तिच्या टाचेत घुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच माझ्या जुन्या खाकी सदऱ्याची पट्टी फाडून टाच बांधली. ती लंगडत कामावर गेली, आणि मी मनाशी ठरवलं की हिला या दगडातून उठवायची.

तशी संधीही होती. तलावावरच्या पत्र्याच्या शेडमधून टिकाव, फावडी जायला लागली होती. आत सुरुंगाची दारू ठेवलेली, त्यामुळं कामावरचा सरकारी साहेब घाबरला. रात्रीचा एक रखवालदार ठेवायचं ठरलं. गावातला माणूस नेमायचं त्यानं सरपंच आबासाहेबांवर सोपवलं. रखवालदाराला काम बारमाही मिळणार होतं, दुष्काळ हटल्यावरसुद्धा. मला ते मिळालं असतं तर मनकर्णा दुसऱ्या दिवसापासून घरी बसली असती. मला एवढंच पाहिजे होतं.

पण आबासाहेबांचा भाचा मच्छिंद्र, त्यालाही ते काम पाहिजे होतं. त्याच्याकडे तीन सेलची बॅटरी होती आणि मामा होता. माझ्याकडे पाच सेल होते. आबासाहेबांना भाच्याला उघड उघड नेमायचं नव्हतं, गाव बोललं असतं. म्हणून त्यांनी न्याय करायचा ठरवला.

"चावडीपासून शेड फर्लांगभर हाय," ते म्हणाले. "बांधाची लांबीबी तेवढीच. ज्याचा उजेड हितून शेडपत्तुर जाईल, आन तिथला मानूस ज्याला हितून वळखू येईल, त्याला काम. नुसता उजेड पाडून भागनार न्हाई. चोर कोन हाय ते सांगता यायला पायजे."

खरं तर तलावावर जाऊनच तपासायला हवं होतं, पण आबासाहेबांना तिथवर चालत जायचा कंटाळा आला असणार. जेवणाआधी उरकून टाकू म्हणाले. म्हणून वेळ ठरली दिवेलागणीनंतरची, अंधार पडता पडता.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. ती तेव्हा चावडीवर जमलेल्या पंचवीस-तीस बाप्यांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. आमच्या गावात अंधार पडता पडताची ती वेळ बायकांची. दिवसभर त्या कळ काढायच्या आणि अंधार पडला की चौघी-पाचजणी मिळून तांब्या घेऊन बाहेर जायच्या. जागा ठरलेली होती, ओढ्याकाठच्या निवडुंगाआड. तिकडं पुरुष फिरकत नसे. चुकून वाट पडलीच तर लांबूनच खाकरत जायचा. पण त्या वर्षी निवडुंग उरला कुठं होता? काटे जाळून तो आम्हीच जनावरांना घातला होता. आडोसा आम्ही तोडला आणि आता बायका कुठं जातात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. घरात विचारायची पद्धत नव्हती आणि सांगायचीही नव्हती. बायका शेडच्या डाव्या अंगाला, माती उकरून झालेल्या खड्ड्यांत जायला लागल्या होत्या.

मच्छिंद्रनं आधी लावली. त्याचा उजेड निम्म्या वाटेवर विरून गेला. पुढं शेड आहे की नाही तेही कळेना. लोक हसले. मग मी चावडीच्या ओट्यावर चढलो, तोंड फिरवून उजेड आवळला आणि शेडवर टाकला. दाराचं कुलूप लख्ख चमकलं. "आरं तिच्यायला," कुणीतरी म्हणालं. मला अभिमान वाटला. आज तो शब्द उच्चारायची लाज वाटते, पण तेव्हा वाटला हे खरं आहे.

"कुलूप चमकतंयच," मच्छिंद्र म्हणाला. "मानूस दाव की."

मी उजेड डावीकडं सरकवला. खड्ड्यांच्या कडेला काहीतरी हललं आणि चार-पाच बायका एकदम उठून उभ्या राहिल्या.

रस्त्याकडेला बसलेल्या बायका मोटारीचा उजेड आला की अशाच उठून उभ्या राहतात. ट्रकवर असताना मी शेकडो वेळा बघितलं होतं. ड्रायव्हर हसायचा, मीही हसायचो. मोटार निघून जाते, पुन्हा अंधार होतो. माझा उजेड मात्र जागचा हलला नाही. बायका घाबरल्या आणि उताराकडं पळाल्या. एकजण मागं राहिली. दोन पावलं टाकली, लंगडली आणि थांबली. पळता येत नाही हे कळल्यावर तिनं डोक्यावरचा पदर ओढून तोंड झाकलं आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. पायाला खाकी पट्टी होती.

दोन-तीन म्हातारे तोंड फिरवून ओट्यावरून उतरले आणि घराकडं चालते झाले. बाकीचे थांबले. मी बटण बंद करायला पाहिजे होतं. माझा अंगठा बटणावरच होता.

"धर, तसाच धर," आबासाहेब म्हणाले. "कोन हाय? वळखू येतंय का?"

"त्याला काय वळखू येतंय," मच्छिंद्र म्हणाला. "उगं दिवा मिरवतोय."

लोक म्हणतात अशा वेळी माणसाला काही सुचत नाही. खोटं आहे. मला सगळं सुचलं. ओळखू येत नाही म्हणालो तर काम मच्छिंद्रला जाणार, आणि जिच्यासाठी हे चाललं आहे ती उद्या लंगडत खडी फोडायला जाणार. बायकोचं नाव घेतलं तर जन्मभर चावडीवर चढायची सोय नाही. दुसऱ्या कुणाच्या बायकोचं घेतलं तर तिचा नवरा, दीर, सासरा काठ्या घेऊन दारात येणार. मग मी, जिच्यासाठी काठी घेऊन कुणी येणार नाही, अशी बाई शोधली. एवढ्याशा वेळात शोधली. ती मला सापडलीही.

"हन्ना," मी म्हणालो. "प्रभुदासाची हन्ना."

हन्ना विधवा होती. गावाबाहेरच्या ख्रिश्चन वस्तीत म्हाताऱ्या बापाजवळ, प्रभुदासाजवळ राहायची. बापाला नीट दिसत नव्हतं. कामावर ती मनकर्णाच्या शेजारी बसून खडी फोडायची, आणि टाच कापली तेव्हा रक्त धुवायला स्वतःच्या मडक्यातलं प्यायचं पाणी हिनंच ओतलं होतं. त्या दिवसांत पाणी ओतणं काय होतं, हे ज्यांनी तो दुष्काळ बघितला त्यांना सांगायला नको.

चावडी हसली. त्या हसण्यात सुटल्याचा आनंद होता, कारण आपल्या घरातली नाही हे प्रत्येकाला कळलं होतं. आबासाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "नजर चांगली हाय कानिफनाथ तुजी. चार दिसांनी साहेब येतोय, त्याच्या म्होरं किल्ली देतो." तेव्हा कुठं मी बटण बंद केलं.

घरी आलो तर मनकर्णा चुलीपुढं बसली होती. मी काम मिळाल्याचं सांगितलं. उद्यापासून तू घरी बैस म्हणालो. तिनं ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "दिवा तुमचा हुता."

"चुकून गेला तिकडं."

"लई येळ हुता," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं, थोडक्यात निभावलं.

दुसऱ्या दिवशी ती माझं न ऐकता कामावर गेली. तिथं मच्छिंद्र आणि त्याच्या सोबत्यांना नवा खेळ मिळाला होता. हन्ना घमेलं घेऊन निघाली की एकजण विचारायचा, "हन्नाबाई, दिवा दावू का?" दुसरा खाकरायचा. हन्नाला आधी काही कळेना. ती त्या संध्याकाळी घराबाहेरच पडली नव्हती, बापाजवळ प्रार्थनेला बसली होती. दुपारी तिला कळलं. तिनं हातोडा खाली ठेवला आणि ती घरी गेली. पुढचे दोन दिवसही आली नाही. सलग चार दिवस गैरहजर राहिलं की हजेरीवरून नाव कापायचा नियम होता. नाव गेलं की मजुरीबरोबर खायला मिळणारी सुकडीही गेली. बाप-लेक त्या सुकडीवरच जगत होते.

तिसऱ्या रात्री मनकर्णानं मला विचारलं, "तुमी हन्नाचं नाव घेतलं?"

"मंग काय तुजं घेऊ?"

"कुनाचंच घ्यायचं न्हवतं."

"आन काम? तुज्यासाठीच केलं ना सगळं? तुजे हात बघवंनात म्हनून केलं." माझा आवाज चढला. खरं असलेली गोष्टसुद्धा किती घाण ऐकू येऊ शकते, ते मला त्या वेळी कळलं.

तिनं हात पदरात घेतले. "मला वळखलं हुतं का तुमी?"

मी तिच्या टाचेवरच्या पट्टीकडं बघितलं. तिला ते समजलं. मग तिनं आपली वाकळ उचलली आणि ती दाराशी जाऊन झोपली.

चौथ्या दिवशी सकाळी हजेरीला सगळे जमले होते. साहेब जीपमधून उतरला होता, आबासाहेब त्याच्याशेजारी खुर्चीवर. मनकर्णा उशिरा आली आणि एकटी आली नाही. हन्नाचा हात धरून तिला घेऊन आली. हन्ना खाली बघत होती. मच्छिंद्र खाकरला. मनकर्णा सरळ खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. सरपंचांपुढं आमच्याकडच्या सुना पदर कपाळापर्यंत ओढून उभ्या राहतात. तिनं पदर कानामागं सारला होता.

"त्या सांजंला उजेडात मी हुते," ती म्हणाली. "ही न्हवती. ही घरात हुती. माजा पाय बगा, पट्टी बगा. ज्यांनी ज्यांनी बगितलं त्यांना पट्टीबी दिसली असंल."

बायकांच्या रांगेत एकीनं तोंडाला पदर लावला. मच्छिंद्रनं पायाखालचा खडा बघायला सुरुवात केली.

"आता यांना इच्यारा," मनकर्णा माझ्याकडं न बघता म्हणाली, "यांनी मला वळखलं हुतं का न्हवतं."

सगळे माझ्याकडं वळले. ओळखलं नव्हतं म्हणायची सोय होती. अंतर लांब होतं, चूक झाली, कुणालाही पटलं असतं. मग माझी अब्रू वाचली असती आणि काम गेलं असतं. पण ती समोर उभी होती, सुजलेल्या टाचेवर भार देऊन. आयुष्यात एकदा तरी खरं बोलावं असं मला वाटलं. त्याची शिक्षा मिळेल, मिळू दे, असंही वाटलं. खरं सांगायचं तर मला ती शिक्षा पाहिजे होती.

"वळखलं हुतं," मी म्हणालो. "पट्टी मीच बांदली हुती. वळखून दुसरीचं नाव घेतलं."

मी वाट बघत राहिलो. कुणीतरी शिवी घालेल, कुणी थुंकेल, निदान हन्नाची माफी मागायला लावतील. आबासाहेबांनी साहेबाकडं बघितलं. साहेबाला उशीर होत होता. आबासाहेब थोडे हसले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजी फर्लांगावरनं पायाची पट्टी दिसली. साहेब, यापरीस आनखी काय पायजे? बॅटरीबी पक्की आन नजरबी पक्की. बायकांचं काय, त्या बोलत्यातच. ये रं कानिफनाथ, किल्ली घे."

साहेबानं मान डोलावली आणि किल्ली पुढं केली. मागं लोक सैल झाले, कुणी तंबाखू काढली, मुकादमानं हजेरी पुकारायला घेतली. हन्नाचं नाव आलं तेव्हा ती हळू आवाजात "हाय" म्हणाली. त्यानंतर मनकर्णाचं नाव आलं.

मी किल्ली घेतली. नको म्हणता आलं असतं. त्या क्षणी नको म्हणालो असतो तर पुढची पन्नास वर्षं हे सांगत बसायची वेळ आली नसती. पण हात आपोआप पुढं गेला, आणि मी तो मागं घेतला नाही.

तलाव पुरा व्हायला आणखी दीड वर्ष गेलं. मनकर्णा एक दिवसही घरी बसली नाही. हन्नाशेजारी बसून ती रोज संध्याकाळपर्यंत खडी फोडायची. ती गेली की मी बॅटरी घेऊन यायचो आणि रात्रभर तिनं फोडलेल्या खडीची राखण करायचो.