घड्याळवालीचं कार्ड

या, अशा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते. सांगताना माझा आवाज चढेल, हेही आधीच सांगून ठेवते. देवाचं नाव घेणाऱ्या बाईला राग शोभत नाही म्हणे. पण देवाची कथा गाऊन सांगणारेसुद्धा अन्यायाची जागा आली की सूर चढवतातच ना? मग झालं तर.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, लाँड्रीत इस्त्री करतात. उभा जन्म वाफेत गेला, गावाची वेस काही ओलांडली नाही. पण नकाशात ठिपकासुद्धा नसलेल्या कुठल्या कुठल्या गावांतून, चिमुकल्या देशांतून त्यांना पोस्टकार्डं येतात. मोठ्या शहरांची नकोत. तिथं कोण कुणाला ओळखतं, असं त्यांचं म्हणणं. कार्ड आलं की आधी उलटं धरायचं, मागचा मजकूर चवीचवीनं वाचायचा, मग पुढचं चित्र. चित्रं छापखान्यातून गठ्ठ्यानं निघतात; मागच्या चार ओळी एका माणसानं एकीसाठीच लिहिलेल्या असतात. पत्र्याच्या डब्यातही कार्डं पाठ वर करूनच.

त्यांतली सगळ्यांत जिवाभावाची एक घड्याळं दुरुस्त करणारी बाई, लांबच्या कुठल्याशा तळ्याकाठची. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायच्या, अडलं की चित्र काढायच्या. तिचं शेवटचं कार्ड आलं, पुढे तिच्या तळ्याचंच चित्र, पण मागे अक्षर वाकडंतिकडं. डोळे गेले, दुकान बंद केलं, दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला आले, हा नवा पत्ता. तू लिहीत राहा, बहीण वाचून दाखवेल. वन्सं उत्तर लिहायला बसणार, तेवढ्यात लाँड्रीच्या जिन्यावरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं, रवानगी इस्पितळात.

आणि इकडे आमचे चिरंजीव. घरात त्याला शेठ म्हणतात, कारण कामापेक्षा थाट मोठा. त्यानं नवं कॉफीचं दुकान काढलं होतं आणि एक भिंत मोकळी पडली होती. आत्याचा डबा उचलला, ना तिला विचारलं, ना मला, आणि अख्खी भिंत कार्डांनी मढवली. चित्रं बाहेर, पाठी भिंतीला. आणि खळ नाही हो लावली, चांगला घट्ट गोंद.

मी पोटची आई आहे त्याची, तरी सांगते, पाहून माझ्या अंगाची लाही झाली. गिऱ्हाईकं भिंतीसमोर उभी राहून फोटो काढत होती, वाहवा करत होती. मी त्याला विचारलं, बाई इस्पितळात आहे, स्वर्गात नाही, मग वाटणी कसली केलीस? तर म्हणाला, आई, डब्यात सडत होती, आता निदान चारजण बघतात. आत्या आली की खूश होईल.

वन्सं आल्या, काठी टेकत. थेट भिंतीपाशी गेल्या. शेठ मोठ्या हौसेनं एकेक गाव दाखवत होता. त्यांनी एवढंच विचारलं, तळ्याच्या चित्राचं कार्ड कुठलं? त्यानं दाखवलं. त्यांनी नखानं कोपरा उचकटून पाहिला, उचकटेना.

"आत्या, मागं काय, नुसती गिचमिड. तुला हवी तर नवी कोरी मागवतो."

"कोरी?" वन्सं म्हणाल्या. "अरे, माणसं चिणलीस तू भिंतीत."

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी त्या लाँड्रीतली वाफेची इस्त्री घेऊन दुकानात हजर. खुर्ची ओढली, प्लगात वायर घातली, आणि कार्डांवर वाफ सोडायला लागल्या. शेठ माझ्या कानाशी लागला, लोक बघताहेत, हिला घरी ने. मी म्हटलं, तुला चारजणांनी बघायलाच हवं होतं ना? बघू देत. आणि मी वन्संच्या हाताखाली उभी राहिले.

काही कार्डं निघाली, काहींचे तुकडे झाले. घड्याळवालीचं कार्ड निघालं ते जाडीत अर्धंच, नुसतं पुढचं चित्र. लिहिलेला पापुद्रा भिंतीलाच राहिला. पातळ कागदातून अक्षरं दिसत होती, पण उलटी. मी कपाळाला हात लावला. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "शेठ, हात धुवायच्या जागेचा आरसा काढून आण."

तो मान खाली घालून आरसा घेऊन आला, आणि त्यालाच तो धरून उभं राहावं लागलं. आरशात अक्षरं सरळ झाली. वन्सं वाचत गेल्या, मी लिहीत गेले. बाईचं नाव मिळालं. गावाचं नाव मिळालं. गल्ली आणि घराचा नंबर मात्र गोंदानं खाल्ला होता. शेठनं आरसा वर केला, खाली केला, तिरपा केला. त्या जागी भिंतीवर काहीच नव्हतं.

"आत्या, मला काय माहीत..." तो पुटपुटला.

"माहीत नव्हतं म्हणूनच विचारायचं असतं," वन्सं म्हणाल्या, आणि इस्त्रीची वायर गुंडाळायला लागल्या.

त्यांनी कार्ड पाठवलंय. पत्त्यात बाईचं नाव, गावाचं नाव आणि खाली एक छोटं घड्याळ काढलंय, तिथल्या पोस्टमनला कळलं तर कळलं. अजून उत्तर नाही. शेठ हल्ली रोज आमची पत्रपेटी उघडून बघतो. बघू दे. माझा राग काही अजून गेलेला नाही.

पण तुम्ही आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्यासाठी काही मागू नका. तिकडे कुठे एक डोळे गेलेली बाई बहिणीला विचारत असेल, आज काही आलं का गं? तेवढी तिची आठवण ठेवा.