मास्तरांच्या फळ्या

"तलावाभोवती कुंपण झाल्याशिवाय चिमणी तुमच्याकडे राहायला येणार नाही," असं सुनेनं निक्षून सांगितलं आणि निवृत्त मास्तर नातीसाठी इरेला पेटले. अंगणातल्या पोहण्याच्या तलावाभोवती त्यांनी छातीइतकं उंच कुंपण घातलं. गज सगळे उभे, पाय ठेवायला जागाच नाही. फाटक सोडलं की आपोआप बंद. नियमात काडीचीही चूक नाही.

पण सूचना नसलेलं कुंपण मास्तरांना बघवेना. नगरपालिकेचा तपासनीस कुंपण बघायला येणार त्याच सकाळी त्यांनी बाहेरच्या बाजूनं तीन जाड फळ्या बसवल्या, एकाखाली एक:

कुंपणावर चढू नये.

ढकलाढकली करू नये.

काठावर पळू नये.

तपासनिसानं फाटक दहा वेळा उघडून सोडलं. "झकास! सही करून टाकतो," म्हणत त्यानं पेन काढलं.

"आजोबा, मी बघा!"

आईबरोबर आलेली चार वर्षांची चिमणी सगळ्यात वरच्या फळीवर उभी राहून एक पाय पलीकडे टाकत होती. मास्तरांनी धावत जाऊन तिला खाली घेतलं.

"अगं, एवढं मोठं लिहिलंय, वाचता येत नाही?"

"नाही," चिमणी म्हणाली.

तपासनिसानं पेनाला टोपण लावलं.

"फळ्या निघेपर्यंत हिची बॅग गाडीतच राहील, बाबा," सून म्हणाली.

मास्तरांनी पेचकस आणला. दोन फळ्या निघाल्या. तिसरीशी हात घुटमळला.

"ही तर अगदी खालची आहे गं. एवढी राहू दे की."

"बाबा!" "मास्तर!" सून आणि तपासनीस एकदमच ओरडले.