दोन बायांचा कोयता

आमची स्वप्नाली पुण्यात काय करते, असं शिरूर कासारात कुणी विचारलं की तिची आई सांगायची, "पीटी शिकवती पोरीस्नी." शेजारी उभ्या असलेल्या माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण केसरवहिनी पडली माझी भावजय. चारचौघांत तिला खोटं पाडणं बरं दिसत नाही.

स्वप्नाली टँगो शिकवते. तिकडं अर्जेंटिनातला नाच, जोडीनं, एकमेकांना धरून करायचा. ते 'धरून'च वहिनीला नडलं. कुण्या भाच्यानं मोबाईलवर दाखवलं, पोरगी परपुरुषाच्या खांद्यावर हात ठेवून नाचतेय. झालं! तेव्हापासून वहिनीनं लेकीचा एकही नाच पाहिला नाही. पोरगी जग पालथं घालून आली, तो नाच जिथं जन्मला त्या गावात जाऊन शिकवून आली, तरी फोनवर तिचं एकच, "आत्या, आई एकदा तरी बघंल का गं?"

तिनं काय नवीन केलं तेही ऐका. टँगोत एकजण वाट ठरवतो, बहुतेक वेळा पुरुषच, आणि दुसरीनं त्याच्या कलानं चालायचं. स्वप्नालीनं नाच चालू असतानाच ते उलटं करायला शिकवलं. आता तू ने, आता मी नेते. पुण्यातल्या जुन्या मास्तरांनी नाकं मुरडली. पुढं त्यांचेच शिष्य हिच्या दारात आले. हे सुचलं कुठून, असं कुणी विचारलं की ती सांगायची, "उसाच्या फडातून."

आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. माझा भाऊ वारला आणि वहिनी अर्धी झाली. मला नवऱ्यानं टाकलेलं, म्हणजे मी आधीच अर्धी. टोळी नेणारा मुकादम म्हणाला, "दोन बायांचा कोयता होत न्हाई." का होत नाही? आम्ही करून दाखवला. आज ती ऊस तोडणार, मी मोळ्या बांधणार, उद्या उलट. रोज सकाळी एकमेकींना विचारायचं, "आज कोयता कुणाचा?" उसाच्या वाळल्या पाचटावर बसलेली एवढीशी स्वप्नाली ते बघत असायची.

यंदा सगळे तोडीवरून परतल्यावर तिनं शिरूरच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला. वहिनी म्हणाली, "म्या न्हाई येणार. माझं नाक कापाया बोलावती व्हय?"

मी म्हटलं, "एवढं नाजूक हाय तर पदराखाली झाकून आण."

आली. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, तोंडावर पदर ओढून माझ्याशेजारी बसली.

स्वप्नाली मंचावर आली ती मोहिनी नावाच्या तिच्या विद्यार्थिनीला घेऊन. दोघी बायाच. पेटीसारखं काहीतरी वाजायला लागलं. एक वाकली, दुसरी सरकली. एकीनं हात टाकला, दुसरीनं तो झेलला, आणि बघता बघता नेणारी बदलली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना लागते तशी दोघींची मान ताठ. आम्हीच होतो त्या! वहिनीकडं पाहिलं, तर तिचा पदर कधीच खाली आला होता.

टाळ्या थांबेनात. स्वप्नाली मंचावरून उतरली, थेट आमच्यापर्यंत आली आणि आईपुढं हात करून म्हणाली, "चल."

वहिनीनं हात धरला नाही. पोरीचा चेहरा असा उतरला की मला वहिनीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

"मला कशाला हात करतीस?" वहिनी म्हणाली. "माझी जोडी ही हितं बसलीया."

आणि माझं मनगट धरून ती उठली.

सगळ्या गावासमोर आम्ही दोन म्हाताऱ्या! मंचावर वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी विचारलं, "वन्सं, आज कोयता कुणाचा?"

"तुझा," मी म्हटलं. निम्म्यावर आल्यावर मी घेतला. तिनं मुकाट्यानं दिला. स्वप्नाली खाली उभी राहून रडत होती, हसतही होती.

शेवटी आमचे पुढारी उत्तरेश्वरभाऊ माईक घेऊन सवयीनं म्हणाले, "आपल्या पीटीच्या मॅडमच्या मातोश्रींचा आता सत्कार..."

वहिनीनं नाक वर करून माईक ओढून घेतला.

"पीटी न्हाई, भाऊ. टँगो. माझी लेक जगाला टँगो शिकवती. आन् तिला आमी दोघींनी शिकवला."