खडीतली चार अंडी

“टिटवीच ना ती?” पाहणीला आलेल्या बाईंनी विचारलं.

“छे हो. टिटवी केवढी मोठी, शिवाय आभाळ डोक्यावर घेते. हा चिखल्या. डोळ्याभोवती पिवळं कडं बघा, गळ्यात काळा पट्टा. तुरुतुरु धावेल, थबकेल, चिखलात चोच मारेल, की पुन्हा धावेल.”

सांडपाण्याच्या तळ्यावर सव्वीस वर्षं पंप चालवता चालवता पंपवाला हे नुसत्या डोळ्यांनी शिकला होता. तळ्याकाठची खडी सपाट करून तिथे नव्या टाक्या बांधायच्या होत्या. त्याआधी पक्ष्यांचा अहवाल बाईंनी द्यायचा होता.

“घरटं करतो का इथे?”

पंपवाल्याला ठाऊक होतं. दहा पावलांवर, खडीतल्या खळग्यात चार अंडी होती. खड्यांसारखीच करडी, ठिपक्यांची. हो म्हटलं की पिल्लं निघेपर्यंत काम बंद. पण बाईंच्या मागेच साहेब उभे होते. सकाळीच त्यांनी त्याला बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, “तुमच्या मुलीचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. प्रयोगशाळेत जागा एकच. काम लांबलं तर माझाही नाइलाज होईल.”

शिकलेली मुलगी तीन वर्षं घरी बसून होती. त्याचा हात दगडाखाली होता.

“नाही बाई. पाहुणा आहे तो. दोन दिवस चरेल नि जाईल.”

बाईंनी तसंच लिहून घेतलं. “तुमच्यासारखी जाणती माणसं भेटली की आमचं काम सोपं होतं,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रोलर आला. पंपवाला पंपघरात मोटरशेजारी जाऊन बसला. थोड्या वेळाने ड्रायव्हरच धावत आला.

“काका, लवकर या! पाखराचा पंख मोडलाय. माझ्याकडून चिरडलं की काय?”

रोलरपुढे चिखल्या एक पंख जमिनीवर घासत, लंगडत, केविलवाणा ओरडत चालला होता. अंड्यांपासून दूर, आणखी दूर. फाटकापाशी साहेब घड्याळ बघत होते.

“मोडलेला नाही,” पंपवाला म्हणाला. “सोंग करतोय. चल, घे पुढे.”

संध्याकाळी साहेबांनी मुलीच्या नेमणुकीचं पत्र स्वतःच्या हाताने दिलं. ते खिशात घालून तो निघाला. खडी आता पाटासारखी सपाट झाली होती. तिच्यावर, नेमक्या त्याच जागी, चिखल्या पिसं फुलवून ऊब देत बसला होता.