कापसातला आवाज

मंगळवारी भूगोलाच्या तासाला ऋतिकाच्या दप्तरातून एक लिंबू घरंगळत बाकाखाली गेलं. काळ्या दोऱ्यात ओवलेलं, वर बिबा बांधलेलं. शेजारी बसणाऱ्या संघप्रियानं ते कर्कटकाच्या टोकानं ओढून घेतलं आणि हळूच विचारलं, "तुझ्यावर कोणी करायलंय, का तूच कोणावर करायलीस?"

"माझं न्हाई ते."

"मग दप्तर कोणाचं हाय?"

ऋतिका दहावीत होती. गुरुवारी शाळेत स्नेहसंमेलनातल्या गाण्या-नाचांची निवड होती आणि तिनं एकटीनं नाव दिलं होतं, 'जर्मन पद्धतीचं गाणं' असं लिहून. आठवीपर्यंत नुसतं 'हजर' म्हणताना जिचा आवाज फुटत नव्हता, तिनं. त्यामुळं लिंबाचा पहिला संशय तिनं लावणी बसवणाऱ्या तिघींवर घेतला. दुसरा खुद्द संघप्रियावर, कारण दप्तराला चिकटून तीच बसते. त्या दुपारी तिनं संघप्रियाला डब्यातलं लोणचंसुद्धा दिलं नाही.

पण परभणीहून पोखर्णीला बसनं परतताना डोक्यात भलतंच जुळायला लागलं. चार दिवस झाले, ती आंघोळीला गेली की आई न्हाणीच्या दाराशी उभी राहत होती. जर्मन शब्द उतरवलेली वही ठेवलेल्या जागी सापडत नव्हती. आणि शेजारच्या सारजाबाई, म्हणजे तिची चुलत मोठीमाय, सलग तीन दिवस विरजण मागायला आल्या होत्या. एका घरात तीनदा विरजण कशाला लागतं?

या सगळ्याच्या मुळाशी एक जर्मन बँड होता. दिवाळीच्या सुट्टीत फोनवर काहीतरी दुसरंच शोधताना तो व्हिडिओ लागला. कारखान्यासारखा रंगमंच, ठिणग्या, धूर, घणासारखी गिटार आणि खाली एकसारखा धाड-धाड ठोका, पायाला गप्प बसू न देणारा. ऋतिकाला तो ठोका ओळखीचा वाटला. खळ्यावर सोयाबीन काढायला मळणीचा हडंबा लागला, की असाच ठोका जमिनीतून पायात चढतो. फरक इतकाच, की हडंब्यापुढं कुणी नाचत नाही, सगळे भुसकटानं खोकत असतात. आणि वर तो गायक. तो ओरडत नव्हता. खांब फुटून नरसिंह बाहेर यायच्या आधी आत जे घुमलं असेल, ते त्याच्या पोटातून येत होतं. गावातच नरसिंहाचं देऊळ, त्यामुळं पोखर्णीचं माणूस त्याचं नाव उगाच कुठंही जोडत नाही, पण ऋतिकाचं हे ठाम मत होतं. मग तिनं तसलेच आणखी चार बँड धुंडाळले आणि दुसरं मत बनवलं: ज्यांच्या ठोक्यावर नाचता येत नाही, ते नुसतेच चिडलेले असतात.

तसा आवाज आपल्या पोटातून काढायचा, तर जागा एकच होती, कापसाची खोली. भाव यायची वाट बघत तिच्या वडलांनी, बापूंनी, साठवलेला कापूस पार आढ्याला टेकला होता. त्यात तोंड खुपसून कितीही घुमलं तरी माजघरात ऐकू जात नाही, हा तिचा शोध. खिडकीतून सगळं दिसतं, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी आली तर आई आणि सारजाबाई त्याच खोलीत बसल्या होत्या. आईच्या मांडीवर वही.

"मोठीमाय, आज बी विरजण?"

"विरजण ऱ्हाऊ दे. बस. मान दाखव," सारजाबाई म्हणाल्या आणि तिची वेणी बाजूला केली. मानेवर लाल चट्टे होते. त्या आईकडं वळल्या. "बघ राजेश्री. मी म्हणले का न्हाई? पोरगी अर्धी कापसात, आतून गड्याचा आवाज. बाहेर निघाली तर भुवया पांढऱ्याफेक. भानामती हाय ही."

आईनं वही उघडून बोट ठेवलं. "हामर, राउख, श्टाल, नाख्ट. हे मंत्र कोणी दिलते तुला?"

"हातोडा, धूर, पोलाद, रात. जर्मन हाय, आई."

"मंत्र देणारा असंच सांगतो," सारजाबाई म्हणाल्या.

"दप्तरात लिंबू तुमीच टाकलं?"

"मी नुसतं मंतरून आणलं. टाकलं तुझ्या आईनं."

ऋतिकानं आईकडं बघितलं. आई वहीची पानं उलटत राहिली. ऋतिकाला संघप्रियाला न दिलेलं लोणचं आठवलं.

"परवा गुरुवारी जाणत्या भगताकडं न्यायचं हिला," सारजाबाईंनी ठरवून टाकलं. "अमावस्या हाय. तो उतरवतो."

"गुरुवारी माझी निवड हाय."

"निवड जाऊ दे."

"चट्टे कापसाचे हायत. कापूस भरला की बापूंच्या मानेला बी उठतात, त्यांना न्हेता का? आन आवाज मीच काढते. हे बघा."

तिनं पोट आत घेतलं आणि काढला. दोन महिन्यांत इतका सुरेख कधी आला नव्हता. सारजाबाई भिंतीला टेकल्या. "बघ. बोलला."

आईचा चेहरा उतरला. ऋतिकाला कळलं, की जितका चांगला काढू तितकं आपलं वाईट. हाच आवाज दुसऱ्या कुणाच्या तोंडून आला, तरच सुटका.

"आई, हरभऱ्यात डुकरं शिरल्यावर कशी वरडतीस?"

"त्येचं काय इथं?"

"एकदाच. माझ्यासाठी."

आईनं मांडीवरची वही खाली ठेवली. मग उठली, पदर कमरेला खोचला, पाय रोवले. "हाऽऽर्र्र." पत्रे झणाणले. गल्लीपलीकडची शेळी उठून उभी राहिली. तोच आवाज, उलट जरा जास्तच जाड. ऋतिकानं धान्याच्या रिकाम्या कोठीवर टाच मारली. धाड, धाड, धाड, धाड. आई दुसऱ्यांदा ओरडली, ती नेमकी ठोक्यावर.

"कापसात तोंड घालून हेच करते मी," ऋतिका म्हणाली. "लोकाला तरास नको म्हणून."

सारजाबाई एव्हाना दारात पोचल्या होत्या. आधी त्या लेकीकडं बघत होत्या, आता आईकडं. "राजेश्री, तुला बी?" एवढंच म्हणाल्या आणि एका पायात चप्पल घालून निघून गेल्या.

आईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. "गुरुवारी शाळंत जा. जाणत्याला काय सांगू, दोघींला धर म्हणून?"

गुरुवारी सकाळी उंबऱ्यावर दोन लिंबं होती. आईनं इकडंतिकडं बघून ती उचलली. एक कापून ऋतिकाच्या पाण्याच्या बाटलीत पिळलं. "घसा धरलाय तुझा."

दुसरं तिच्या मुठीतच राहिलं. ऋतिका बुटाची नाडी बांधायला वाकली, तेव्हा मागून लिंबाचा तो हात डोक्याभोवती ओवाळल्यासारखा वाटला. एकदा. दोनदा. ऋतिकानं वळून बघितलं नाही. नाडी केव्हाच बांधून झाली होती. ती सोडून तिनं पुन्हा बांधायला घेतली, सातवा फेरा होईपर्यंत.